डोंगरात पाणी संपलं, तर लघवी कामाला येते का?

माहुली आणि गोरखगडाच्या उन्हाळी वाटांवरच्या आमच्या लेखात एक वाक्य होतं : ‘पाणी संपलं तरी लघवी पिऊ नये.’ कारण दिलं नव्हतं. त्यावर ठाणे, नवी मुंबई आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रं आली. काही चेष्टेची, बहुतेक गंभीर. त्यांतले निवडक प्रश्न आणि आमच्या जाणकारांची उत्तरं.

प्रश्न : लघवीत ९५ टक्के पाणीच असतं ना? मग जीव वाचवायला दोन घोट घेतले तर बिघडलं कुठे? २००३ साली अमेरिकेत शिळेखाली हात अडकलेला ॲरन राल्स्टन लघवी पिऊनच जगला, असं वाचलं होतं. (घोडबंदर रोड, ठाणे)

९५ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे. घात करतात ते उरलेले पाच टक्के : युरिया, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, क्रिएटिनिन वगैरे. मूत्रपिंडांनी हे सगळं मुद्दाम बाहेर टाकलेलं असतं, आणि पोटात परत गेलं की ते पुन्हा बाहेर टाकायला पाणीच लागतं.

हिशेबच मांडू. विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण मिलिऑस्मोलमध्ये मोजतात. निरोगी तरुण माणसाची मूत्रपिंडं लिटरमागे साधारण १२०० मिलिऑस्मोलपर्यंत दाट लघवी बनवू शकतात, त्यापुढे नाही. शरीराचा रोजचा कचरा साधारण ६०० मिलिऑस्मोल भरतो. म्हणून पाण्याचा थेंब मिळाला नाही तरी दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. आता समजा, सकाळपासून पाणी नाही आणि लघवी १००० पर्यंत दाट झाली आहे. तिची ३०० मिली प्यायलात, तर ३०० मिलिऑस्मोल कचरा परत आत गेला. मूत्रपिंडांनी पूर्ण ताकद लावली तरी तो काढायला २५० मिली पाणी खर्ची पडणार. हाती राहिले ५० मिली. लघवी आधीच १२०० ला टेकली असेल तर शिल्लक शून्य. वय वाढतं तशी ही क्षमता घटते, म्हणजे ज्येष्ठांसाठी हा सरळ तोट्याचा व्यवहार. शिवाय कोमट, खारट लघवी पोटात टिकेलच असं नाही. एक उलटी झाली की प्यायलं त्याहून जास्त पाणी जाऊ शकतं.

फिकट, पाण्यासारख्या लघवीचं गणित इतकं वाईट नाही, पण ती फिकट असते तेव्हा शरीरात पाणी पुरेसं असतं. गरज पडेपर्यंत ती प्यायच्या लायकीची उरत नाही. अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण पुस्तिकेतही लघवी ‘पिऊ नये’ याच यादीत आहे, समुद्राच्या पाण्याच्या पंगतीत.

राल्स्टन १२७ तास अडकला होता आणि त्याने लघवी प्यायली, हे खरं. पण तो सुटला स्वतःचा हात कापून. लघवीमुळे तो तगला, असं त्यावरून सिद्ध होत नाही. जे वाचतात त्यांच्याच गोष्टी छापून येतात, हेही ध्यानात ठेवा.

त्यापेक्षा कामाची गोष्ट : पाणी संपलं की चिवडा, फरसाण, शेंगदाणे, अंडी बंद करा. मीठ आणि प्रथिनं म्हणजे मूत्रपिंडांना जादा कचरा, आणि जादा कचरा म्हणजे जादा पाणी. गुळाचा खडा किंवा लिमलेटची गोळी चालते, कारण साखरेतून तसा कचरा तयार होत नाही. आणि बाटलीत पाणी आहे तोवर तहान लागेल तसं प्या. पाणी वाचवायच्या नादात बाटली अर्धी भरलेली ठेवून माणसं भोवळ येऊन पडलेली आहेत.

प्रश्न : आमचे आजोबा वर्षानुवर्षं शिवांबू घेत. मोरारजी देसाईही घेत. त्यांना तर काही झालं नाही! (डोंबिवली)

मोरारजींनी ते कधी लपवलंही नाही. शिवांबूच्या औषधी दाव्यांना भक्कम वैद्यकीय पुरावा नाही, पण तो वाद इथे नको. मुद्दा वेगळा आहे. घरी पेलाभर शिवांबू घेणारा माणूस दिवसभर तांब्याने पाणी पितो, आणि त्या पाण्यावर कचरा निघून जातो. गडावर अडकलेल्या माणसाकडे नेमकं तेच पाणी नसतं.

प्रश्न : ट्रेकसाठी घेतलेल्या फिल्टर स्ट्रॉमधून लघवी गाळली तर? किंवा चुलीतल्या कोळशातून? किंवा उकळून? (ऐरोली)

तिन्हींनी काम होत नाही. स्ट्रॉमधल्या पोकळ तंतूंची छिद्रं साधारण ०.२ मायक्रॉनची असतात. त्यांत जिवाणू अडकतात. मीठ आणि युरियाचे कण त्याहून शेकडो पट लहान, ते आरामात पार होतात. कोळशाने वास आणि रंग थोडा कमी होतो, मीठ तसंच राहतं. लघवी स्वच्छ दिसायला लागते आणि माणूस ती बिनधास्त पितो, हा कोळशाचा खरा धोका. उकळल्याने तर उलटच होतं : पाणी वाफ होऊन जातं आणि पातेल्यात उरते ती आणखी दाट.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर लघवीचं पाणी करतात हे खरं. २०२३ मध्ये तिथलं पाणी परत मिळवण्याचं प्रमाण ९८ टक्क्यांवर गेलं. पण ते लघवी गाळून थांबत नाहीत. कमी दाबाखाली तिची वाफ करतात, वाफ पुन्हा थंड करतात आणि त्या पाण्यावर पुढे आणखी प्रक्रिया करतात.

प्रश्न : म्हणजे वाफ करून थंड केली तर चालेल! खड्डा खणून वर प्लास्टिक ताणायची सौर-भट्टी आम्ही व्हिडिओत पाहिली आहे. सह्याद्रीत जमेल का? (खारघर)

तत्त्वतः हो. डोंगरात लघवीतून पिण्याजोगं पाणी काढण्याचा हाच एक मार्ग आहे. रीत अशी : दिवसभर ऊन पडेल अशा जागी एक मीटर रुंद, साठ सेंटिमीटर खोल खड्डा. मधोमध डबा. लघवी डब्यात नाही, डब्याभोवतीच्या मातीत ओतायची, आणि सोबत हिरवा पाला टाकायचा. वर पारदर्शक प्लास्टिक, कडा मातीने पूर्ण बंद. प्लास्टिकच्या मध्यावर, बरोबर डब्यावर येईल असा, लिंबाएवढा दगड. वाफ प्लास्टिकला आतून लागते, थेंब होतात, उतारावरून घरंगळत डब्यात पडतात.

पुस्तिकांमध्ये याचं उत्पन्न दिवसाला अर्धा ते एक लिटर सांगतात. माती ओली असेल आणि काम नीट झालं असेल तरच ते मिळतं. बिघडतं ते असं. एक, कड एका जागी उघडी राहिली की वाफ पळते. दोन, प्लास्टिक खड्ड्याच्या भिंतीला टेकलं की थेंब मातीत जिरतात. तीन, दर तासाला उचकून बघण्याचा मोह. एकदा उघडलं की आतली हवा पुन्हा दमट व्हायला बराच वेळ लागतो. चार, शिळी लघवी. जिवाणू युरियाचा अमोनिया करतात, तो वाफेबरोबर चढतो आणि पाण्याला वास येतो. ओतायचीच तर ताजी ओता.

पण आपल्याकडचा खरा अडसर जमीन. वीतभर मुरमाखाली काळा कातळ लागतो. ट्रेकिंगच्या काठीने तिथे साठ सेंटिमीटर खणणं सोडूनच द्या. भर उन्हात तासभर खणलं तर अर्धा ते एक लिटर घाम जातो. कोरड्या मातीत दिवसाची कमाई त्याहून कमीच. खड्डा खणायचाच झाला तर उन्हं उतरल्यावर, आणि तेही उद्याचा अख्खा दिवस तिथेच काढायचा असेल तर.

त्यापेक्षा पिशवी बरी. पाऊस आला तर सॅकमध्ये घालायला आणलेली मोठी पारदर्शक पिशवी जांभूळ, आंबा किंवा उंबराच्या उन्हातल्या पानभरल्या फांदीला चढवा, तोंड दोरीने घट्ट बांधा, एक कोपरा खाली लोंबता ठेवा आणि त्यात खडा टाका. संध्याकाळपर्यंत त्या कोपऱ्यात थोडं पाणी जमतं. चांगल्या फांदीला कपभर, कधी कधी त्याहूनही कमी. एकाहून जास्त पिशव्या असतील तर सगळ्या बांधा. कण्हेर, रुई, शेर, बिब्बा या झाडांना मात्र हात लावू नका. पानगळ झालेल्या सागाचा अर्थातच उपयोग नाही.

पातेलं आणि चूल असेल तर तिसरा उपाय आहे. पातेल्यात लघवी, मध्ये सपाट दगडावर स्टीलची वाटी, वर झाकण उलटं, म्हणजे मूठ खाली, वाटीच्या तोंडावर येईल असं. मंद आच. वाफ मुठीवरून वाटीत ठिबकते. पहिले दोन-चार चमचे वासाचे येतात, ते फेकून द्या. पातेल्यात पाव भाग उरला की उतरवा, नाहीतर तळ करपतो आणि वाटीतलं पाणीही नासतं. झाकण थंड ठेवायला पाणी नसतं, म्हणून बरीच वाफ फुकट जाते. आणि एप्रिल-मे महिन्यांत वाळल्या गवतात चूल पेटवणं म्हणजे वणव्याला आमंत्रण. कातळावर, चहूबाजूंनी गवत काढलेल्या जागीच हे करा.

प्रश्न : मग फेकूनच द्यायची का? (कळवा)

नाही. कपड्यावर घ्या. उन्हात अडकलेल्या माणसासाठी लघवीचा यापेक्षा चांगला वापर आम्हाला माहीत नाही.

घाम येतो तो वाळून अंग थंड व्हावं म्हणून. तेच काम बाहेरच्या ओलाव्याने केलं तर तेवढा घाम वाचतो. एक लिटर पाणी वाळताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतं. दोनशे मिली लघवीने भिजवलेला पंचा पूर्ण वाळला तर साधारण ११५ किलोकॅलरी झाल्या. त्यातली काही उष्णता हवेतून ओढली जाते, सगळी अंगातून नाही, तरीही फायदा खरा आहे आणि मूत्रपिंडांवर भार शून्य.

पंचा किंवा सुती रुमाल घ्या. ड्राय-फिट टी-शर्ट पाणी कमी धरतो. ओला पंचा डोक्यावर, मानेभोवती, हातांवर ठेवा. सावली हवीच, वारा असेल तर उत्तम. डोळ्यांत जाऊ देऊ नका. खरचटलेल्या किंवा मांड्या घासून सोललेल्या कातडीवर ठेवू नका, मिठाने आग होते. नंतर पाणी मिळालं की अंग धुवा, नाहीतर पुरळ येतं. कोकणपट्टीच्या दमट हवेत पंचा सावकाश वाळतो, म्हणून परिणाम कमी. घाटमाथ्यावर, कोरड्या वाऱ्यात तो चटकन जाणवतो.

उष्माघात झालेला माणूस बरळू लागला, अंग तापलेलं असलं, तर हाताशी असेल त्या ओलाव्याने त्याला भिजवा आणि वारा घाला. तिथे संकोच नको. पिण्याजोगं पाणी असेल तर त्यातलंही वापरा. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही ओतू नका.

प्रश्न : लघवीच्या रंगावरून पाणी कमी पडलंय हे नेमकं कसं ओळखायचं? (वाशी)

लघवीचा खरा उपयोग हाच, आणि तो पाणी संपायच्या आधीचा.

फिकट पिवळी, लिंबू सरबतासारखी : सगळं ठीक. गडद पिवळी : पुढच्या तासाभरात अर्धा लिटर प्या. कोऱ्या चहासारखी, थोडी आणि उग्र वासाची : चढाई थांबवा, सावलीत बसा, ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा, पोह्यांचा नाही.

प्रमाणही बघा. मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे तासाला अर्धा मिली तरी लघवी व्हायला हवी. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिली, म्हणजे सहा तासांत १८० मिली, जेमतेम पेलाभर. आसनगावहून सकाळी निघालेल्या गटातल्या कुणाला दुपारी एकपर्यंत एकदाही लागली नसेल, तर तो माणूस कितीही हसतमुख दिसो, माहुलीची शिडी चढण्याआधी त्याला पाणी पाजा.

रंग फसवतोही. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर लघवी भडक पिवळी होते, बीटाने लाल, क्षयाच्या रिफाम्पिसिनने नारिंगी. सकाळची पहिली लघवी नेहमीच दाट असते, तिच्यावरून निष्कर्ष काढू नका.

दोन रंग मात्र गंभीर. अतिश्रमानंतर कोलासारखी काळपट लघवी आणि स्नायूंत असह्य ठणका : स्नायू फुटून त्यातला रंगद्रव्याचा भाग मूत्रपिंडांत अडकतो आहे. हे घरी जाऊन झोपण्याचं दुखणं नाही, थेट रुग्णालय. दुसरा, अगदी पाण्यासारखी लघवी, सोबत डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, आणि आधी तासन् तास नुसतं पाणी ढोसलेलं : रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. इथे आणखी साधं पाणी पाजलं तर माणूस दगावू शकतो. खारट काहीतरी द्या आणि खाली उतरवा.

प्रश्न : जखम, साप, आग्या मोहोळ, समुद्रातले जेलीफिश : सगळ्यांवर लघवी लावा असं गावोगाव सांगतात. (नेरूळ)

जखमेवर : लघवी निर्जंतुक असते हा समज जुना झाला. निरोगी मूत्राशयातही जिवाणू असतात, हे नव्या तपासण्यांत दिसलं आहे. जखम धुवायला पिण्याचं पाणी पुरतं. बाटलीच्या झाकणाला पिनेने भोक पाडा आणि जोराच्या धारेने निदान अर्धा लिटर सोडा. माती निघते ती धारेने. पाणी अजिबातच नसेल आणि जखमेत शेण-माती भरली असेल, तर स्वतःच्या लघवीने धुणं हा नाइलाजाचा उपाय. दुसऱ्याची नकोच. लेप्टो आणि टायफॉइडचे जंतू लघवीतून बाहेर पडू शकतात. जाता जाता एक गंमत : १९४१ मध्ये ऑक्सफर्डला पेनिसिलिन इतकं दुर्मिळ होतं, की रुग्णाच्या लघवीतून ते परत काढून त्यालाच टोचत.

साप : काहीही लावू नका, चिरू नका, आवळून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा. लघवी, हळद, तंबाखू लावण्यात जातो तो वेळ, आणि प्रतिविष लवकर मिळणं हाच उपाय आहे.

मधमाशी : ‘विष आम्ल, लघवी अल्कली’ हे गणित चूक. ताजी लघवी बहुधा सौम्य आम्लच असते, आणि विष कातडीखाली गेलेलं असतं. आधी मोहोळापासून लांब पळा, मग काटे नखाने किंवा कार्डाने झटपट खरवडा. चिमटीच्या शोधात वेळ घालवू नका, काटा आत असेतो विष सोडत राहतो. ओठ सुजले, घसा आवळला, अंगभर गांधी उठल्या तर ती जीवघेणी ॲलर्जी.

जेलीफिश : पावसाळ्यात कोकण किनाऱ्याला निळे ब्लू बॉटल लागतात. त्यांच्या चिकटलेल्या तंतूंवर न फुटलेल्या डंखपेशी असतात. लघवी किंवा गोडं पाणी पडलं की त्या फुटून आणखी विष सोडू शकतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू काठीने उचला, मग सोसेल इतक्या, साधारण ४५ अंश गरम पाण्यात वीस मिनिटं बुडवा.

प्रश्न : आमच्या पट्ट्यात कारखाने आहेत. वायुगळती झाली तर लघवीत भिजवलेलं फडकं नाकाला लावावं का? (रबाळे)

ही कल्पना १९१५ ची. बेल्जियममध्ये ईप्रच्या लढाईत क्लोरीनचा पहिला मोठा हल्ला झाला, तेव्हा सैनिकांकडे मास्क नव्हते आणि त्यांनी लघवीत भिजवलेली फडकी नाकाशी धरली. रबाळ्याला नळ आहे. साध्या पाण्यात भिजवलेला जाड कपडा तेवढंच काम करतो, आणि तो बाहेर पडायच्या चार मिनिटांपुरता, थांबून बघत बसण्यासाठी नाही. वारा कुठून येतोय ते पाहा आणि त्याला आडवे निघा. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड, म्हणून तळमजला आणि खोलगट जागा टाळून उंचावर जा.

प्रश्न : तंबूभोवती लघवी केली तर बिबट्या येत नाही म्हणतात. (वसंत विहार, ठाणे)

येतो. माणसाच्या लघवीने बिबट्या दूर राहतो याला आधार नाही. मिठाच्या ओढीने फुलपाखरं मात्र नक्की जमतील. आणि येऊरच्या जंगलाच्या बाजूला अंधार पडल्यावर उघड्यावर एकटं उकिडवं बसू नका : बसलेला माणूस उंचीने चार पायांच्या सावजाएवढा दिसतो. सोबत कुणी उभं असू द्या, टॉर्च आणि बोलणं चालू ठेवा.

प्रश्न : आमच्या गटातल्या बहुतेक मुली ट्रेकला पाणीच पीत नाहीत, कारण आडोसा मिळत नाही. हे कुठे विचारायचं कळत नव्हतं. (कोपरखैरणे)

इथेच. या पत्रांतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि उत्तर बरंचसं गटप्रमुखाने द्यायचं आहे. दर दोन तासांनी ‘पुरुष पुढे, बायका मागे’ असा दहा मिनिटांचा थांबा आधीच जाहीर करावा, म्हणजे कुणाला हात वर करून विचारावं लागत नाही. ठाण्याहून निघण्याआधी स्टेशनवर, पायथ्याच्या गावात जेवण सांगितलेल्या घरी, आणि उतरल्यावर पुन्हा तिथेच, या तीन जागा ठरवून ठेवाव्यात.

उभ्याने लघवी करता येणारी सिलिकॉनची नरसाळी ऑनलाइन आणि औषधांच्या दुकानांतही मिळतात. पहिल्यांदा घरच्या न्हाणीघरात वापरून पाहा. कड अंगाला घट्ट टेकवा आणि नळी खाली उतरती धरा, नाहीतर मागून सांडतं. वापरल्यावर झटकून वेगळ्या झिप पिशवीत. आडोशाला जुनी ओढणी किंवा लुंगी पुरते. पाणी न पिता लघवी तासन् तास दाबली तर उष्णतेचा त्रास आणि मूत्रमार्गाचा संसर्ग, दोन्ही एकदम मागे लागतात. जळजळ, थंडी वाजून ताप आला तर ट्रेक सोडून डॉक्टर.

जागा निवडताना टाक्यापासून आणि ओढ्यापासून निदान साठ मीटर, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी पावलं लांब जा, आणि उतारावर टाक्याच्या खालच्या अंगाला. कातळात खोदलेल्या टाक्यातलं पाणी वाहत नाही. त्यात गेलेली घाण पुढच्या पावसापर्यंत तिथेच राहते, आणि मे महिन्यात वर येणाऱ्याला दुसरं पाणी नसतं. हे पुरुषांनाही लागू आहे, किंबहुना त्यांनाच जास्त. वापरलेला टिश्यू पुरू नका, झिप पिशवीत घालून खाली आणा.